रक्ताची साक्ष आणि तिची वेळ

श्रोतेहो, मृगाच्या पावसावर तूर पेरली आणि दुसऱ्याच दिवशी बांधावर उभा राहून एखादा म्हणू लागला, "रान तर मोकळेच दिसते, पेरणी वाया गेली," तर शेजारचा शेतकरी त्याला हसेल. बी जमिनीत आहे, पण ते वर यायला काही दिवस जावे लागतात, हे आपल्या मराठवाड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एच.आय.व्ही.च्या रक्ततपासणीचेही असेच आहे. पण शेतात जे आपल्याला सहज उमगते, ते स्वतःच्या रक्ताविषयी भीतीच्या भरात उमगत नाही. असुरक्षित संबंध आला, इंजेक्शनची वापरलेली सुई टोचली, अत्याचाराचा प्रसंग ओढवला, की माणूस एकतर दुसऱ्या दिवशी तपासणी करून "नाही" हा शब्द ऐकतो आणि निर्धास्त होतो. किंवा "तीन महिन्यांनीच कळते म्हणतात" असे म्हणून घरी बसून राहतो. किंवा लोक काय म्हणतील या धास्तीने कधीच जात नाही. या तिन्ही वाटांनी त्याचे नुकसानच होते.

विषय वैद्यकाचा असला, तरी मी तो इतिहासाच्या अंगाने मांडणार आहे, आणि त्याला कारण आहे. बहात्तर तास, सहा आठवडे, तीन महिने, अठरा महिने असे आकडे या संदर्भात लोकांच्या कानावर पडलेले असतात; पण कोणता आकडा कशाचा, याचा घोळ होतो. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, वेगळ्या साली आणि वेगळ्या ठिकाणी पुढे आला. ती हकीकत कळली म्हणजे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

प्रथम चाचणी म्हणजे काय ते पाहू. १९०६ साली जर्मनीत वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरमीच्या रोगासाठी रक्ताची एक परीक्षा बसवली. तिच्यात रोगजंतू प्रत्यक्ष दिसत नसे; रोगामुळे रक्तात जो फरक पडतो, तो त्या परीक्षेत ओळखला जाई. तेव्हापासून अनेक रोगांच्या रक्तपरीक्षा याच तत्त्वावर उभ्या आहेत. शरीरात परका जंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि परीक्षा त्या प्रतिपिंडांची असते. चोर घरात शिरल्यावर गल्लीत आरडाओरडा होतो. आपण तो आरडाओरडा ऐकून चोर आल्याचे ओळखतो. घरच्यांना जाग येईपर्यंत गल्ली शांतच असते, आणि त्या शांततेवरून चोर आला नाही असे म्हणता येत नाही.

आता एड्सच्या कथेकडे येऊ. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या एका विचित्र न्युमोनियाची नोंद छापून आली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाने रोगाचा विषाणू वेगळा केला. १९८४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून तोच विषाणू रोगाचे कारण असल्याचा पुरावा पुढे आला, आणि मार्च १९८५ मध्ये एलायझा या चाचणीला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. ही चाचणी मुख्यतः रक्तपेढ्यांतील बाटल्या तपासण्यासाठी निघाली होती. एखाद्या घाबरलेल्या माणसाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, हा तिचा मूळ हेतू नव्हता.

त्याच सुमारास तिचा अपुरेपणाही ध्यानात येऊ लागला. १९८४ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सुई टोचून संसर्ग झालेल्या एका परिचारिकेची हकीकत प्रसिद्ध झाली. तिला काही दिवसांतच फ्लूसारखा ताप आला. पण तिच्या रक्तात प्रतिपिंडे दिसून यायला त्यानंतरही काही आठवडे गेले. म्हणजे विषाणू अंगात आहे, ताप येऊन गेला आहे, आणि तरीही चाचणी "नाही" म्हणते, असा एक काळ असतो. त्यालाच पुढे 'विंडो पिरिअड' हे नाव पडले. आपल्या समुपदेशकांच्या तोंडी हाच शब्द आहे, म्हणून मीही तोच वापरतो. तुरीच्या दृष्टांतात सांगायचे, तर पेरणी आणि उगवण यांच्यामधले हे दिवस होत.

भारतात या रोगाचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासला हाती आला. मद्रास मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने जमवलेले रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासले गेले, आणि त्यांतील काहींत या विषाणूची प्रतिपिंडे आढळली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे १९९३ साली त्यांनी चेन्नईत जी संस्था काढली, तिला गायतोंडे हेच नाव दिले, आणि तिथे चाचणीच्या जोडीला समुपदेशन ठेवले. माणसाशी आधी बोलावे, त्याला काय घडले ते विचारावे, चाचणीचा अर्थ समजावून सांगावा आणि मग त्याच्या संमतीने रक्त घ्यावे, ही रीत त्यांनी धरली.

या रीतीचे मोल कळण्यासाठी आपल्या शेजारच्या गोव्यात काय घडले ते पाहावे लागेल. म्हापशाजवळचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमाने रक्तदान करणारा होता. त्याने दिलेले रक्त तपासले गेले, त्यात एच.आय.व्ही. आढळला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला धड काही न सांगता उचलून नेले. म्हापशाच्या एका वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात त्याला पहाऱ्यात ठेवण्यात आले. तिथे त्याचे चौसष्ट दिवस गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच करून ठेवली होती. त्याची आई ल्यूसी हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. १९९२ साली तो वारला; त्याआधी त्याने एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांसाठी गोव्यात 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली होती.

ज्या समाजात तपासणीचा शेवट पोलिसांच्या गाडीत होतो, त्या समाजात तपासणीला कोण जाईल? हा धडा महाराष्ट्राला नवा नव्हता. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोल्जरांकरवी घरांची झडती सुरू झाली, तेव्हा लोकांनी आपले रोगी दडवले, माळ्यावर नि अडगळीत लपवले. झडत्यांमुळे लोकांचा सरकारवरचा विश्वास उडाला, आणि त्या क्षोभाची परिणती २२ जूनच्या रँडवधात झाली, हे आपण जाणतोच. साथीच्या रोगात सक्ती वाढली की रोग लपतो. बळजबरीने घेतलेल्या रक्ताने एखादा रोगी सापडेल, पण त्याच्या मागचे दहा जण आपापल्या घरी दडून बसतील.

रक्तपेढ्यांचा इतिहासही इथेच सांगितला पाहिजे. १९८९ पासून आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक बाटलीची एच.आय.व्ही.साठी तपासणी सक्तीची झाली. ४ जानेवारी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांच्या कारभाराला शिस्त लावण्याचे आदेश दिले आणि पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांची प्रथा बंद करण्यास सांगितले. १ जानेवारी १९९८ पासून ती प्रथा बेकायदा ठरली. हे सारे योग्यच झाले. तथापि विंडो पिरिअडची अडचण कोणत्याही निकालाने सुटण्यासारखी नव्हती. ज्याला गेल्या आठवड्यात संसर्ग झाला, त्याची बाटली प्रतिपिंडांच्या चाचणीत निर्दोषच ठरणार. म्हणून रक्तपेढीतील फॉर्मवर जे प्रश्न असतात, ते खरेपणाने भरणे ही चाचणीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. काही जण "फुकटात तपासणी होईल" म्हणून मुद्दाम रक्तदान करतात. श्रोतेहो, असे कधीही करू नये. शंका आलेल्या माणसाने त्या काळात दिलेली बाटली एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातग्रस्ताला चढू शकते.

चाचणी मात्र सुधारत गेली. सुरुवातीच्या एलायझाला उत्तर द्यायला सहा-आठ आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या चाचण्या आल्या. त्यांना शरीराने अगदी आरंभी तयार केलेली प्रतिपिंडेही ओळखता येऊ लागली. चौथ्या पिढीच्या चाचणीने प्रतिपिंडांबरोबर विषाणूच्या अंगचे पी-२४ हे प्रथिनही शोधण्यास सुरुवात केली; म्हणजे गल्लीतल्या आरडाओरड्याबरोबर चोराची पावलेही ऐकू येऊ लागली. त्यानंतरच्या 'नॅट' चाचणीत विषाणूचे जनुकद्रव्यच थेट शोधले जाते. आजचा हिशेब असा आहे. संसर्गानंतर पहिले सुमारे दहा दिवस कोणतीही चाचणी काही सांगू शकत नाही. नॅट चाचणीत संसर्ग १० ते ३३ दिवसांत दिसू लागतो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या चौथ्या पिढीच्या चाचणीला १८ ते ४५ दिवस लागतात. केवळ प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्यांना, आणि बोटाच्या टोकातून रक्त घेऊन करतात त्यांपैकी बहुतेकांना, २३ ते ९० दिवस लागू शकतात.

म्हणजे तीन महिन्यांचा जो आकडा आपण ऐकतो, तो जुना झाला म्हणून टाकून देण्याजोगा नाही. आपल्या शासकीय केंद्रांत मुख्यतः प्रतिपिंडांच्या जलद चाचण्या वापरतात, म्हणून शेवटचा विश्वासाचा "नाही" तीन महिन्यांनीच धरावा. सहा आठवड्यांनी आलेला "नाही" बराच धीर देणारा असतो. प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या चाचणीने तो आला असेल, तर जवळजवळ निर्णायकच. पण तिसऱ्या दिवशीचा "नाही" फक्त एवढेच सांगतो की, या प्रसंगाच्या बऱ्याच आधीपासूनचा संसर्ग तुम्हाला नव्हता. त्यालाही उपयोग आहे, कारण पुढची तुलना त्याच्याशी होते. आलेल्या उत्तरावर भरवसा ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: चाचणी कोणत्या जातीची होती, आणि प्रसंगापासून किती दिवसांनी झाली.

चाचणी "होय" म्हणाली, तर तेवढ्यावर निर्णय होत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एका चाचणीत रक्त दोषी वाटले, तर वेगळ्या तत्त्वावरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीनेही ते पडताळले जाते. एका साक्षीदारावर कुणाला दोषी ठरवायचे नाही, अशी खबरदारी इथे घेतली जाते. लक्षणांवरून निदान करण्याचा मोह तर कुणीच धरू नये. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी येणे हे काहींना होते. काहींना काहीच होत नाही. आणि तोच ताप पावसाळ्यात आपल्याकडे डझनभर कारणांनी येतो. मात्र याच दिवसांत विषाणूचे रक्तातील प्रमाण फार वाढलेले असते. म्हणून शेवटचे उत्तर हाती येईपर्यंत निरोध वापरावा आणि रक्तदान टाळावे.

आतापर्यंत मी थांबण्याविषयी बोललो. आता धावण्याविषयी बोलतो. कारण या विषयात दोन घड्याळे आहेत. एक सांगते, उत्तरासाठी थांबा. दुसरे सांगते, उपचारासाठी एक तासही दवडू नका. ही दोन एकमेकांत मिसळली, की माणूस फसतो.

दुसऱ्या घड्याळाचा इतिहास असा. सुई टोचलेल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना झिडोव्हुडिन हे औषध लगेच देऊन पाहण्याची प्रथा १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील काही रुग्णालयांत सुरू झाली. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटली येथील प्रकरणे एकत्र तपासण्यात आली. १९९७ साली तो अभ्यास सविस्तर प्रसिद्ध झाला: औषध घेतलेल्यांत संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. सुई टोचल्यावर संसर्ग होण्याचे मूळ प्रमाणच हजारात तीनच्या आसपास, हेही लक्षात ठेवावे. त्याच दशकात माकडांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की, चोवीस तासांच्या आत औषध सुरू करून अठ्ठावीस दिवस चालू ठेवले तर माकडे वाचली. औषध उशिरा सुरू केले, किंवा दहाच दिवसांत बंद केले, तर काही माकडांना संसर्ग झाला. आज आपण जे "बहात्तर तासांच्या आत, अठ्ठावीस दिवस" असे म्हणतो, त्याच्या मागे हा पुरावा आहे. या उपचाराला पी.ई.पी. म्हणतात. बहात्तर तास ही शेवटची गाडी समजावी. खरे म्हणजे पहिल्या दोन तासांत पोहोचता आले तर उत्तम.

म्हणून प्रसंग घडला की पहिल्या दिवशी तपासणीचे उत्तर शोधत खासगी लॅबच्या पायऱ्या झिजवू नयेत, डॉक्टर शोधावा. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे; दोन्हीकडे एच.आय.व्ही.च्या उपचाराचे एआरटी केंद्र आहे. रात्र असेल तर तातडीच्या विभागात जावे. तालुक्याच्या गावी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारावे. वाट ठाऊक नसेल, तर १०९७ हा सरकारी मदतीचा क्रमांक विनामूल्य आहे. अत्याचार झालेल्या स्त्रीला हा उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे. तिला आधी पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावून रुग्णालयाने तास घालवू नयेत. आणि एक गोष्ट विसरू नये: पी.ई.पी.च्या गोळ्या विषाणूला दाबून धरतात, त्यामुळे उगवणही लांबू शकते. गोळ्या घेतलेल्याने तपासणीच्या तारखा डॉक्टरांनी दिल्या तशाच पाळाव्यात. त्या तीन महिन्यांच्या पुढेही जाऊ शकतात.

अठरा महिन्यांचा आकडा मात्र तान्ह्या मुलांचा आहे. आईकडून बाळाला तिची प्रतिपिंडे मिळतात. म्हणून बाळाच्या रक्तात नेहमीच्या चाचणीने "होय" आले, तरी तो आवाज आईचा असू शकतो. ही प्रतिपिंडे विरायला अठरा महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर थांबणे धोक्याचे, म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन विषाणूचे जनुकद्रव्यच तपासतात. आईला गरोदरपणात वेळेवर तपासले आणि औषध दिले, तर बहुतेक बाळे संसर्गावाचून जन्मतात. ज्या काळात हे होत नव्हते, त्या काळातील मुले आपल्याच जिल्ह्यांत वाढली. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील हासेगावला रवी बापटले यांनी २००७ साली अशा मुलांसाठी 'सेवालय' उभे केले. पुढे तिथली मुले गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही, हे तोवर कित्येकदा सांगून झाले होते. तरी भीती ज्ञानापेक्षा वेगाने पोचते.

ती भीती कमी व्हावी असे दोन बदल मात्र झाले आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधे देण्यास सुरुवात केली, मुंबईचे जे.जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, आजार किती पुढे गेला याची वाट न पाहता, औषध देण्याचे धोरण आहे. औषध नियमित घेणारा माणूस इतरांइतके आयुष्य जगू शकतो. आणि त्याच्या रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही व तसाच टिकला, तर संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. दुसरा बदल कायद्याचा. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून चाचणी करणे, निकाल फोडणे, नोकरीतून, शाळेतून किंवा भाड्याच्या घरातून काढणे, उपचार नाकारणे, हे सारे त्याने बेकायदा ठरवले. म्हापशाच्या त्या खोलीपासून या कायद्यापर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

श्रोतेहो, घरी जाऊन एवढे सांगावे. प्रसंग घडला तर बहात्तर तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांकडे जा आणि पी.ई.पी. विचारा. त्याच वेळी पहिली तपासणी करून घ्या, पण तिच्या "नाही"वर विसंबू नका. सहा आठवड्यांनी दुसरी तपासणी करा, तीन महिन्यांनी शेवटची. बहात्तर तास उलटून गेले असतील तर घरी बसू नका. उपचाराची ती एक वाट बंद झाली, तरी निदानाची आणि औषधाची वाट उघडी आहे. आणि कुणी मित्र, भाऊ, भाची किंवा कामावरचा माणूस तुमच्याकडे हा प्रश्न घेऊन आला, तर तो कसा नि कुणामुळे या फंदात पडला याची उलटतपासणी करू नका. त्याला आधी एकच विचारा: किती तास झाले?